हो म्हणणारी माणसं आणि सुकन्याचा चष्मा

हिमायतनगरला सिंधुताईंच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि त्या घराचा नकाशा काढणाऱ्या सुकन्याला पहिल्याच पंगतीत बसवलं होतं. ती नांदेडहून सकाळच्या गाडीनं आली होती. नांदेडच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती ड्राफ्ट्समन. बाई असली तरी हुद्द्याचं नाव तेच. लोक येऊन घराबद्दल बोलायचे, आर्किटेक्ट श्रीमंत सर कच्चं रेखाटन करायचे आणि सुकन्या त्याचा फुटाइंचांतला नकाशा बनवायची. उदगीरजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची पोर, नांदेडला डिप्लोमा करून तिथंच राहिलेली. स्वतः काढलेल्या घरात बसून बुंदी खायची तिची ही पहिलीच वेळ होती.

जेवण झाल्यावर सिंधुताईंनी तिचा हात धरला आणि तिला दारापाशी नेलं.

"ताई, ओटा कुठं हाय?"

"आहे की. स्वयंपाकघरात. काळा ग्रॅनाइट लावलाय."

"तो न्हाई वो. बसायचा ओटा. दारापुढचा." सिंधुताई हळू आवाजात बोलत होत्या, आतल्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तुम्ही कागदावर बोट ठेवून म्हणले, हा ओटा. मी म्हणले, हाव, लांब ठेवा. चार बाया बसल्या पाहिजेत."

सुकन्याला तो दिवस जसाच्या तसा आठवला. नकाशात स्वयंपाकघराच्या भिंतीलगत 'ओटा' असं लिहिलेलं होतं. लांब ठेवा, असं बाई म्हणाली, तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. स्वयंपाकाची हौस दिसतेय, म्हणून तिनं आठ फुटांचा ओटा अकरा फूट केला होता. आणि दारापुढं जागा सोडली नव्हती. दोन पायऱ्या उतरलं की गटार आणि गटारापलीकडं रस्ता.

"जाऊ द्या," सिंधुताई म्हणाल्या. "घर लई चांगलं झालं. फक्त दुपारचं कुठं बसावं, ते कळून नाही राहिलं."

रागानं बोलल्या असत्या तर सुकन्याला सोपं गेलं असतं. परतीच्या गाडीत जागा होती, पण ती बसली नाही. भोकरपर्यंत दाराशी उभी राहिली, मग आत आली, बसली, मुदखेडला पुन्हा उठली. सहा महिने ते घर तिच्या कॉम्प्युटरवर होतं. सिंधुताई चार वेळा ऑफिसात आल्या होत्या. चारही वेळा त्यांनी मान डोलावली होती.

त्या दिवसापासून सुकन्याला मान डोलावणाऱ्या माणसांची भीती बसली.

समोर कुणी नकाशावर वाकून "हाव, हाव" म्हणालं की तिचा पाय टेबलाखाली हलायला लागे. ती म्हणे, "मला सांगा बरं, सकाळी उठल्यावर या घरात तुम्ही कुठून कुठं जाल?" माणसं बिचकत. एक सावकाश बोलणारे मास्तर तर चिडून म्हणाले, "बाई, माझी परीक्षा घेताय का?" मग तिनं नवीन काढलं. प्लॉटवर जायचं, चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर सगळं घर खऱ्या मापात आखायचं आणि घरच्यांना त्या रेघांमधून चालायला लावायचं. त्यानं थोडं कळायचं. खोली लहान वाटतेय, हे कळायचं. पण खिडकी कुठल्या उंचीला आहे, जिन्याखालून जाताना डोकं आपटेल का, हे रेघांवरून कसं कळणार? शिवाय रेघांवरून चालणारी माणसं दोन मिनिटांत हसायला लागत आणि भिंतीतून आरपार जात.

घरी तिचा नवरा शिवलिंग म्हणायचा, "तू कुणाच्याही घरी गेलीस की डोळ्यानं टेप लावत बसतीस. चहा तरी सुखानं पीत जा."

श्रीमंत सरांनी पुण्याच्या एका प्रदर्शनातून व्हीआरचा चष्मा आणला, तो बिल्डर लोकांना चकित करायला. डोळ्यांवर चढवायचं काळं खोकं, दोन हातांत दोन रिमोट. चष्मा लावला की अजून न बांधलेलं घर चारी बाजूंनी उभं राहतं. मान वर केली की छत दिसतं, खाली पाहिलं की फरशी. दोन बिल्डरांनी तो लावून पाहिला, फोटो काढले आणि मग चष्मा कपाटात गेला. सुकन्यानं दोन आठवडे वाट पाहिली. मग एका शनिवारी तिनं तो कपाटातून काढला आणि सरांना म्हणाली, "मी शिकू का हे?"

"शीक की," सर म्हणाले. "पण ऑफिसची कामं सांभाळून."

व्हिडिओ बघबघून दोन महिन्यांत ती शिकली. पहिल्यांदा चक्कर आली, दुसऱ्यांदा भिंतीवर हात आपटून बांगडी फुटली. सॉफ्टवेअरमधली झाडं परदेशातली होती आणि माणसं सगळी कोट घातलेली. तिनं झाडं बदलून कडुलिंब लावले. कोटाला इलाज सापडला नाही.

माहूरचे दगडोबा तिच्या चष्म्याचे पहिले खरे गिऱ्हाईक. गडाच्या वाटेवर त्यांचं नारळ-ओटीचं दुकान होतं, ते पाडून खाली दुकान आणि वर घर बांधायचं होतं. नकाशा त्यांनी एका मिनिटात मंजूर केला होता. चष्मा चढवल्यावर ते दोन पावलं चालले. मग वाकले आणि ऑफिसच्या फरशीवर चपला काढून ठेवल्या.

"काका, चपला राहू द्या."

"देवघरातून जायलोय," ते म्हणाले. दुकानात पोहोचल्यावर त्यांनी मांडी घातली, कारण जन्मभर ते दुकानात मांडी घालूनच बसले होते. आणि बसल्याबरोबर ओरडले, "ही फळी माझ्या डोक्याच्या वर हाय! गिऱ्हाइकाचा हात मला हिथं पाहिजे, हिथं!" त्यांनी बसल्या जागी हवेत छातीच्या उंचीला हात धरला. सुकन्यानं टेप आणून तो हात मोजला. एक फूट सात इंच. नकाशात काउंटर साडेतीन फूट उंच होता, कारण कोट घातलेली माणसं काउंटरमागं उभी राहतात.

त्या दिवशी ती खूश असायला हवी होती. थोडी झालीही. पण पुढच्या चार-पाच कामांत तिच्या लक्षात एक गोष्ट येत गेली. चष्मा पहिल्यांदा घरमालक लावायचा, मग त्याचा मुलगा, मग जावई. "बापरे", "एक नंबर", हसणं, फोटो. बायका दाराशी उभ्या राहायच्या. "या की," म्हटलं तर "आम्हाला काय कळतंय त्यातलं." चष्मा त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याची बॅटरी उतरलेली असायची. मग सुकन्याच आधी विचारायला लागली, "या घरात झाडू कोण मारतं? पहाटे पहिलं कोण उठतं?" आणि जिचं नाव येईल तिला पुढं बोलवायची. अंबाड्यावर पट्टा बसत नसे. कपाळावरचं कुंकू चष्म्याच्या फोमला लागे, उदगीरकडच्या माणसांचं भस्म लागे. ती पर्समध्ये मऊ धोतराचे तुकडे ठेवायची आणि प्रत्येकानंतर चष्मा पुसायची.

उदगीरच्या प्रसूती रुग्णालयाचं काम आलं, तेव्हा सर म्हणाले, "तुझाच मुलूख आहे. तू बघ."

डॉक्टर मृत्युंजय पंचेचाळिशीचे, हुशार, धावपळीचे. भाड्याच्या जुन्या इमारतीत पंधरा वर्षं दवाखाना चालवून आता स्वतःचं तीस खाटांचं बांधत होते. पाया भरून झाला होता, खांब उभे राहिले होते, विटांचं काम सुरू व्हायला पाच दिवस होते. आतल्या मांडणीवर शेवटची संमती घ्यायला सुकन्या लॅपटॉप आणि चष्मा घेऊन बसनं उदगीरला गेली. जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली होती, तिथं तिनं जागा केली.

डॉक्टरांनी चष्मा लावला आणि पाच मिनिटांत सगळं रुग्णालय फिरून आले. स्वागतकक्षात रेंगाळले. "मॅडम, एक नंबर काम! हे भिंतीवर आईचं नाव मोठं करा फक्त." प्रसूतीच्या खोलीत ते टेबलापाशी उभे राहिले, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, प्रकाश वर आहे ना ते पाहिलं. "परफेक्ट. सही कुठं करू?"

सुकन्याचा पाय हलायला लागला.

"सर, अजून कुणी बघणार आहे का?"

"कोण? मी बघितलं ना."

खोलीच्या दारात एक बाई बादली घेऊन थबकली होती. छप्पन-सत्तावन वय, आखूड बांधा, पदर कमरेला खोचलेला.

"ह्या कोण?"

"रुक्मिणबाई. आमच्या आयाबाई. वडिलांच्या काळापासून आहेत." डॉक्टर घड्याळ बघत निघाले. खाली ओपीडी खोळंबली होती. "दाखवा त्यांनाही, गंमत वाटेल."

रुक्मिणबाईंनी बादली बाहेर ठेवली, हात पुसले. "ताई, हे काय करलालाव? डोळ्याचं हाय का काई?"

"नाही मावशी. नवा दवाखाना आहे ह्याच्यात. तुम्ही नुसतं बघा."

चष्मा बसवल्यावर त्या पहिल्यांदा दोन पावलं मागं सरल्या आणि सुकन्याचा दंड पकडला. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मान वळवून त्यांनी भिंत पाहिली, फरशी पाहिली, फरशीवरून बराच वेळ नजर फिरवली. "उतार कुटं हाय? पानी कुटं जाईल?" सुकन्यानं वहीत लिहिलं. मग त्या प्रसूतीच्या खोलीत आल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या, अगदी डॉक्टर उभे होते तिथंच. पण त्या तिथं थांबल्या नाहीत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, बाईचं डोकं जिथं येईल तिथं गेल्या आणि खाली वाकल्या.

"यव्वा!"

"काय झालं मावशी?"

"दार उघडा बरं ताई हे."

सुकन्यानं रिमोटनं दार उघडलं. लॅपटॉपच्या पडद्यावर तिलाही तेच दिसत होतं, जे रुक्मिणबाईंना दिसत होतं. उघडं दार, दारापलीकडं बोळ, बोळात नातेवाइकांसाठी ठेवलेला बाक. आणि बाकावर सॉफ्टवेअरमधली तीन कोटवाली माणसं, सुकन्यानं शोभेला बसवलेली. टेबलाचं पायाकडचं टोक सरळ दाराकडं होतं.

"हे बाप्ये बगालेत," रुक्मिणबाई म्हणाल्या. "पाय वर बांधलेली बाई हिथं, आन समोर हे बाप्ये बसलेत."

"पडदा आहे मावशी. इथं पडदा लावायचाय."

"पडदा कोन वडतंय ताई त्या येळंला? एका हातात ट्रे, एका हातात बाळ. दार दहा येळा उघडतंय, दहा येळा." त्यांनी चष्म्याआड मान हलवली. "बाई वरडत आसती, तरी तिचं ध्यान दाराकडंच आसतंय. कोन आलं, कोन गेलं. मी बावीस वर्सं बगलालेय."

सुकन्यानं हा नकाशा स्वतः काढला होता. तिची स्वतःची मुलगीही नांदेडच्या एका दवाखान्यात झाली होती, आणि दाराकडं बघत पडून राहिल्याचं तिला या क्षणी आठवलं. इतकी वर्षं ते कुणाला सांगायची गोष्ट आहे, असं वाटलंच नव्हतं.

रुक्मिणबाई पुढं संडासापाशी गेल्या. सुकन्यानं रिमोट त्यांच्या हातात दिला, बोट कुठं दाबायचं ते दाखवलं. दार आतल्या बाजूला उघडलं. रुक्मिणबाईंनी रिमोट खाली केला.

"मावशी?"

"हे दार भाईर उघडाया पायजे." आवाज बदललेला होता. "आमच्या हिथं एक बाई आत गेली आन आतच पडली. दाराला टेकून. दार आत उघडायचं, मग ढकलावं तर तिलाच लागतंय. सुतार येस्तोवर अर्धा तास मी भाईर पालथी पडले हुते. फटीतून हात घातला हुता, तिचा हात धरून. म्हणलालते, जोर दिऊ नगं माय, जोर दिऊ नगं." त्या थांबल्या. "वाचली. बाळ बी वाचलं. पर तो हात मला अजून गावतो, झोपेत."

चष्मा काढला तेव्हा फोम ओला होता. सुकन्यानं तो पुसला नाही. तसाच पिशवीत घातला आणि खाली ओपीडीबाहेर जाऊन बसली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, पण उभ्याउभ्या. "मॅडम, मी दोन हजारांवर बाळंतपणं केलीत. टेबल असंच असतं. सगळीकडं असंच असतं." मग जरा हसून, "आता आयाबाई मला हॉस्पिटल शिकवणार का?" संडासाची दारं फिरवायला त्यांची हरकत नव्हती. प्रसूतीची खोली बदलायची नाही. विटा येऊन पडल्या होत्या.

त्यांनी सरांनाही फोन केला असावा, कारण सुकन्याची बस जळकोटलाही पोहोचली नव्हती तोच सरांचा फोन आला. "क्लायंटला दाखव म्हटलं होतं. झाडूवाल्या बाईला दाखवून तिचं मत घे, असं म्हटलं होतं का मी?"

"सर, पण तिचं खरं आहे."

"खरं असेल. पण संमतीच्या दिवशी खरं नाही बोलायचं. आधी बोलायचं. आता आहे तसं फायनल कर."

यात सरांचंही थोडं बरोबर होतं, आणि तेच तिला सलत राहिलं. आधी का नाही दाखवलं? सहा महिने चष्मा तिच्याजवळ होता. ती दोन दिवस ऑफिसात बसली, फायनल फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. टेबल नव्वद अंशांनी फिरवायचं, दार बाजूच्या भिंतीत न्यायचं, दाराबाहेर आडोशाची चार फुटी जागा काढायची. कॉम्प्युटरवर वीस मिनिटांचं काम. पण त्या भिंतीत एक खांब येत होता, आणि खांबाला विचारल्याशिवाय काही करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि लातूर गाठलं. इमारतीच्या खांब-तुळयांचं गणित करणारे सिद्रामप्पा लातूरला राहत. जुने, कडक इंजिनिअर. भूकंपानंतरची सगळी फेरबांधणी पाहिलेले. खांबाचं नाव काढलं तरी त्यांच्या भुवया जवळ येत. त्यांनी चष्मा लावायला नकार दिला. "मला कागद वाचता येतो," म्हणाले. नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीनं पाच मिनिटं काहीतरी पुटपुटत राहिले. सुकन्या समोर उभी होती. त्यांनी दोनदा बसायला सांगितलं, तरी उभीच होती.

"भिंत नुसती आडोशाची आहे. वजन नाही तिच्यावर," ते शेवटी म्हणाले. "खांबापासून दीड फूट सोडून दार घ्या. खांबाला हात लावाल तर माझी सही मिळणार नाही."

"नाही लावत."

"आणि हे श्रीमंतला माहितेय का?"

तिनं नकाशाची दुमडलेली कड सरळ केली. सिद्रामप्पांनी पेन्सिल खाली ठेवली, तिच्याकडं पाहिलं आणि नकाशावर सही केली.

लातूरहून ती तशीच उदगीरला गेली. दुपारचे अडीच वाजले होते, ओपीडी रिकामी झाली होती, डॉक्टर डबा खात होते. त्यांनी तिला पाहून हात जोडले. "मॅडम, झालं ना ते फायनल?"

"सर, दहा मिनिटं द्या. एकदाच. मग तुम्ही म्हणाल ते."

"दाखवा."

"इथं नाही. प्रसूतीच्या खोलीत. आणि तुम्हाला टेबलावर झोपावं लागेल."

डॉक्टर हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले. जुन्या दवाखान्यातलं टेबल रिकामं होतं. रुक्मिणबाई चादर बदलत होत्या. त्यांना काय चाललंय ते कळलं आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी बूट काढले. आयुष्यभर ज्या टेबलाच्या एका बाजूला उभे राहिले, त्यावर ते अवघडून आडवे झाले, पाय कुठं ठेवावेत ते कळेना.

"पाय वर घ्या साहेब," रुक्मिणबाई म्हणाल्या. "रिकाबीत."

त्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी आधारांवर पाय घेतले. सुकन्यानं चष्मा बसवला. आधी जुना नकाशा लावला. डॉक्टरांना आता वरचं छत दिसत होतं, आणि पायांच्या दिशेला सरळ समोर दार.

सुकन्यानं दार उघडलं. बोळ. बाक. तीन माणसं. तिनं दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. तिनं मोजायचं ठरवलं नव्हतं, पण ती मोजत होती. सहाव्या वेळी डॉक्टरांचा हात आपोआप उचलला गेला आणि त्यांनी स्वतःचा शर्ट खाली ओढला.



मग तिनं नवा नकाशा लावला. दार उघडलं, पण समोर नुसती भिंत होती; दार बाजूला कुठंतरी होतं, आणि त्यातून आलेला माणूस आधी आडोशाला पोहोचत होता. डॉक्टर पडून राहिले. शेवटी त्यांनी स्वतःच चष्मा काढला, उठून बसले, कपाळ पुसलं.

"खांब?" त्यांनी विचारलं.

तिनं सिद्रामप्पांची सही दाखवली.

"विटा परवा लागणार आहेत." ते बूट घालत होते, खाली मान घालून. "उद्या संध्याकाळपर्यंत नकाशा साइटवर पाहिजे मला." दारापर्यंत गेले, तिथं थांबले. रुक्मिणबाईंकडं न बघता म्हणाले, "मावशी, हे आधी का नाही सांगितलंत? बावीस वर्षांत?"

"इचारलं कवा साहेब?" रुक्मिणबाई म्हणाल्या, आणि चादर ओढायला लागल्या.

श्रीमंत सर चिडले ते चिडलेच. न विचारता लातूरला गेली, न विचारता उदगीरला गेली. महिनाभर त्यांनी तिला उदगीरचं काम दिलं नाही; साइटवर दुसऱ्याला पाठवलं. त्याच महिन्यात ऑफिसचं नवं माहितीपत्रक छापून आलं, त्यात चष्मा लावलेल्या माणसाचं चित्र होतं आणि 'वापरणाऱ्याच्या नजरेतून रचना' असं लिहिलं होतं. सुकन्यानं ते वाचलं आणि घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हे लिहिलंय ते करायचंय का आपल्याला?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या नेहमीच्या वाचायच्या चष्म्यावरून.

"म्हणजे?"

"प्रत्येक कामाला एक दुपार. नकाशा फायनल व्हायच्या आधी. कुणाला दाखवायचं ते मी ठरवणार." तिनं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. "नाहीतर हे वाक्य काढून टाका. आणि मलाही दुसरं ऑफिस बघावं लागेल."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "एक दुपार," ते म्हणाले. "दीड नाही."

वर्षानं रुग्णालयाचं उद्घाटन झालं. आमंत्रणपत्रिकेत सरांचं नाव होतं. सुकन्याचं नव्हतं, पण रुक्मिणबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं, म्हणून ती गेली. दवाखाना आठवडाभर आधीच सुरू झाला होता. बाहेर मांडवात भाषणं चालली होती, आणि रुक्मिणबाई तिला हाताला धरून आतून फिरवत होत्या. फरशीला उतार होता. संडासाची दारं बाहेर उघडत होती. प्रसूतीच्या खोलीच्या बाहेर आडोसा होता, आणि आत त्या क्षणी एक बाई कळा देत होती, म्हणून त्या आडोशापाशीच थांबल्या. बाकावरचे नातेवाईक फरशीकडं बघत बसले होते. दार उघडलं, नर्स बाहेर आली, आत गेली. कुणालाच काही दिसलं नाही.

सुकन्यानं एवढं डोळे भरून पाहिलं. मग त्या शेजारच्या वॉर्डात गेल्या.

तिथं एक कोवळी बाई पलंगावर बसली होती. अयोध्या तिचं नाव. पहिलटकरीण, दोन दिवसांनी तारीख. दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिची सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

पलीकडच्या खोलीतला आवाज त्या खोलीत जसाच्या तसा येत होता. दोन्ही खोल्यांच्या मध्ये हवेसाठी एक उभी पोकळी ठेवलेली होती, दोन्हीकडं जाळ्या. त्या पोकळीतून प्रत्येक किंकाळी खाली उतरून अयोध्याच्या उशाशी येत होती.

सुकन्या जाळीखाली उभी राहिली. चष्म्यातून ती या वॉर्डात वीस वेळा तरी आली असेल. चष्म्यात आवाज नव्हता.

"हे पहिल्या दिवसापासून हाय," रुक्मिणबाई म्हणाल्या. "मी म्हणलं, आज लोकांचा आनंदाचा दिवस. उद्या सांगावं."

सुकन्या बाहेर आली. मांडवाच्या कडेला, हार घातलेले डॉक्टर खाली उतरेपर्यंत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी राहिली.

"सर, एक मिनिट."

"मॅडम! आज नाही. आज पेढा खायचा."

"वॉर्डात चला सर. बोलू नका, नुसतं उभं राहा."

ते आले. गळ्यातला हार काढायचं राहून गेलं होतं. अयोध्यानं त्यांना पाहून पदर सावरला आणि कानांवरचे हात काढले. पुन्हा आवाज आला आणि तिनं डोळे मिटले. डॉक्टरांनी वर जाळीकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. सुकन्याला काही सांगावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी गवंड्यांनी ती पोकळी वॉर्डाच्या बाजूनं विटांनी बंद केली आणि हवेसाठी बाहेरच्या भिंतीत पंखा बसवला. अयोध्याला मुलगी झाली. ती घरी गेल्यावर रुक्मिणबाईंचा फोन आला: आवाज निम्मा झाला.

"आणि बाकीचा निम्मा कुठून येतो मावशी?" सुकन्यानं विचारलं.

"आता काय ठावं ताई. खिडकीतून येत आसंल."

"खिडकी बंद असते तेव्हाही येतो?"

"ते न्हाई बगितलं मी."

शनिवारी ऑफिसला अर्धी सुट्टी होती. सुकन्या दीडच्या उदगीर गाडीत बसली.